फुलीवाला चावत नाही

"कोणता होता? अवो कांचन, बोल ना, कोणता होता तो?"

माय वरडून राहिली होती. स्वरा माह्या कडेवर, तिचा उजवा पाय ती हवेत झटकून राहिली होती, रडता रडता श्वास असा अडकला का ओठ निळे पडले, अन् तिच्या घोट्याच्या वर तो कोळी तसाच चिकटून होता. जाळ्याचा दोरा तिच्या पोटरीले गुंडाळला होता. मी फुंकर मारली, तो हालला नाही. बोटानं उडवला तवा खाली वाळक्या पानाईत पडला अन् चालता झाला.

"चांदीसारखा," मी म्हतलं. "डोक्याकडून चांदीसारखा, मांगं पिवळे पट्टे. अन् पाय जोडीजोडीनं."

"फुलीवाला?"

"हो. फुलीवालाच."

मायनं छातीवर हात ठेवला अन् खालीच बसली. "हात् तुही! जीव गेला ना माहा. फुलीवाला चावते का कधी? भेली पोरगी. जाळं लागलं आंगाले."

मी पण श्वास सोडला. तिथंच सगळं चुकलं. पण ते आमाले लय उशिरा समजलं.

मळा

मी कांचन. सासर दर्यापूरचं, माहेर अंजनगावच्या बाजूचं, तिथं आमचा पानमळा हाय. शाळा आठवीतून सुटली, तवा मले लिहिता येते पण कुठी थांबावं ते नाही येत. आमच्या गल्लीतल्या बाया रोज येतात अन् विचारतात, काय झालं, कसं झालं, तुही पोरगी अशी काहून चालते. दरवेळी तेच तेच सांगा लागते. म्हणून लिहून राहिली. ज्याईनं पानमळा पाह्यला नाही त्याईले तर माही गोष्ट समजतच नाही, म्हणून पह्यले मळाच सांगते.

दिवाळी झाली का लेक माहेरी जाते, तशीच मी गेली. स्वराचे पप्पा संत्र्याचा ट्रक घेऊन बाहेरगावी होते. मी अन् स्वरा काळीपिवळी जीपमधी बसून निघालो. दर्यापूरची जमीन काळी, पाहावं तिकडं पऱ्हाटीच पऱ्हाटी, कापसाची बोंडं फुटलेली, सोयाबीन निघून गेलेलं, धुरळा उडून राहिलेला. पाणी खारं. आमच्या बोरच्या पाण्याचा चहा फाटते, दाळ शिजत नाही. अंजनगाव जवळ आलं का पाण्याची चव बदलते. मी दरवेळी उतरल्या उतरल्या पह्यले पाणी पेते, मंग मायच्या पाया पडते. माय म्हणते, "आली खाऱ्या पाण्याची."

अन् मळ्यात गेलं का दुसराच मुलूख. बाहेर ऊन असं का डोळे मिटतात, अन् आत हिरवा अंधार. शेवरीच्या झाडाईवर पानाचे वेल चढवलेले, खालून ओल, वरून पानाईची दाटी. चालताना कानाले गार पान लागते. बाजूले पानपिंपरी, तेबी वेलच, औषधाची. माह्या सासरच्या बायाईले सांगतलं तर त्या म्हणतात, तुह्या माहेरी काय ए.सी. हाय का? तसंच समजा.

पण फाटकाजवळ चपला काढायच्या. कोणी असो, पावणा असो, पानाचा व्यापारी असो, चपला बाहेर. बाबा म्हणतात, मळा म्हणजे देवघर. बाबाच्या बापानं काढल्या, त्याच्या बापानं काढल्या. आमच्या फाटकाजवळ चपलाईची ओळ पाह्यली का कोणालेही वाटन आत कीर्तन चालू हाय. त्या दिवशी स्वराची सँडल मीच काढली. गुलाबी, तिले पट्टा उघडता येत नव्हता. मी पट्टा उघडला, धूळ झटकली अन् ओळीत नीट ठेवली.

आता कोळ्याईचं सांगते. दर्यापूरले माही सासू कोळी दिसला का खराट्यानं मारते. काळा का पिवळा, पाहत नाही. आमच्या मळ्यात कोळी मारत नाहीत. तो पानावरचे किडे खाते, तो गेला तर पान भोकाभोकाचं होते, बजारात कोणी हात लावत नाही. पण पानं तोडणाऱ्या माणसाचा हात दिवसभर वेलीत असते, म्हणून कोणत्या कोळ्याजवळ हात न्यायचा अन् कोणत्याजवळ नाही, ते आमाले बोलता यायच्या आधी शिकवतात.

हळद्या असते, आंगानं मोठा, काळ्यावर पिवळ्या रेघा, जाळं उन्हात सोन्यासारखं दिसते. दिसायले असा का नवखा माणूस मांगं सरकते, पण गरीब. मातेरा असते, मातीच्या रंगाचा, पान दुमडून आत पांढरी पिशवी करून बसते. त्याच्या पाठीवर ना पट्टा ना टिकली, पाहाल तर काहीच नाही, पण तो चावते, बोट रात्रभर ठणकते. दुमडलेलं पान दिसलं का हात मांगं. एक असते, पिल्लं पाठीवर घेऊन फिरते, ते सगळी आंगभर लटकलेली, तिले तर मायबी हात जोडते, म्हणते "चाल बाई, तुह्या वाटेनं जाय." अन् फुलीवाला. तो जाळ्याच्या मधोमध उलटा बसते, आठ पाय दोन दोन जोडून, जशी कोणी भिंतीवर फुली मारली. जाळ्यात पांढऱ्या दोऱ्याची नागमोडी शिवण घालते. चांदीचं डोकं, पिवळे पट्टे. तो चावत नाही.

त्या सकाळीच बाबा स्वराले अन् आर्याले शिकवत होते. आर्या म्हणजे माह्या भावाची पोरगी, स्वराहून जराशी मोठी. बाबाचं शिकवणं म्हणजे परीक्षाच.

"हा कोणता?"

"हळद्या!" आर्या वरडली.

"अन् हा?"

स्वरा म्हणे, "आबा, यानं फुली काढली."

बाबा असे हासले, असे हासले. "हे पाह्य, दर्यापूरची हुशार निघाली. अवो कांचन, तुही पोरगी मळ्याची हाय, सासऱ्याले सांग."

मले काय आनंद झाला होता. मंग बाबा पानाच्या डाल्या घेऊन बजारात गेले. दुपारी आमी भाकर खाल्ली, मायनं मेथीचं बेसन केलं होतं, मी अन् माय पानं जुळवून राहिलो होतो अन् पोरी खेळत होत्या. स्वरानं आर्याले म्हतलं, चाल, तुले माहा फुलीवाला दाखवते. कोपऱ्यात, जिथं वाळकी पानं अन् जुने वेल काढून टाकतात, त्या ढिगाच्या वर त्याचं जाळं होतं. माह्या कानानं आयकलं मी ते. मी म्हतलं सुद्धा, "जाळं तोडजो नोको वं."

मंग ती किंकाळी.

मळ्यातच

मायनं चुना अन् हळद कालवली. जाळं आंगाले लागलं का खाज सुटते, तवा आमच्याकडं हेच लावतात. कालवलं का लाल होते, कुंकवासारखं. मायनं घोट्याच्या खालून वरपर्यंत जाड लेप दिला. स्वरा वरडत होती तर माय म्हणे, "चुना झोंबते, आता राहीन." मी पाय धरून ठेवला. मीच.

ती राहिली नाही. पाय फुगत गेला. मायनं म्हतलं, घासलं जरा जास्त. मंग ती एकदा ओकली, मायनं म्हतलं, रडून रडून ओकली. प्रत्येक गोष्टीले आमच्याजवळ उत्तर होतं, कारण पह्यलं उत्तर पक्कं होतं.

बाबा बजारातून आले. मी धावत गेली.

"कोणता?" बाबाचा पह्यला शब्द.

"फुलीवाला."

"तू पाह्यला?"

"माह्या बोटानं उडवला, बाबा."

बाबानं पायाकडे पाह्यलं, लाल लेप, फुगलेली बोटं. म्हणे, "फुलीवाल्यानं इतकं होत नाही. तुह्या पाहण्यात चूक हाय. दर्यापूरले जाऊन इसरली तू. मातेरा असन."

"मातेऱ्याले चांदी असते का बाबा?"

"मंग हळद्याचं पिल्लू असन."

"पट्टे आडवे होते. मले काय हळद्या समजत नाही?"

आता मले आठवते तवा माहंच डोकं भिंतीवर आपटावं वाटते. पोरगी माह्या खांद्यावर कण्हून राहिली होती अन् आमी बापलेक कोळ्याच्या पट्ट्यावरून भांडून राहिलो होतो. बाबा कोपऱ्यात गेले. ढिगाजवळ वाकले, बरंच पाह्यलं अन् एका पानावर तो कोळी घेऊन आले. जाळं तुटलं होतं, तो वेलीवर जाऊन बसला होता. बाबानं तो आपल्या मनगटावर सोडला. तो चालत कोपरापर्यंत गेला.

"फुलीवालाच हाय," बाबा म्हणे. "पाह्य. चावते का?"

नाही चावला. मी खरी निघाली. मी म्हतलं, "पाह्यलं? मी म्हणत नव्हती?"

बाबा त्या ढिगाजवळ अनवाणी वाकले होते. ज्यानं खरं चावलं ते त्याईच्या पायापासून हातभर तरी लांब असन का नाही, हे मी आता रोज रात्री मोजत बसते.

अकोटची वाट

सलीमभाई आमच्या पानाच्या डाल्या जीपनं अकोटले नेतात. कितीक वर्सापासून नेतात, मले लहानपणी "पानवाली" म्हणायचे. ते सांजच्याले आले अन् स्वराले पाह्यलं अन् डाल्या उचलायच्या थांबले.

"क्या हुआ बच्ची को?"

माय म्हणे, "कोळी फिरला पायावर."

"मकडी?" सलीमभाईनं पोटरीले हात लावला. स्वरानं असा आवाज काढला का त्याईनं हात वढून घेतला. "काकी, मकडीचं नाही वाटत हे. विंचू-इंगळी असन. माह्या मावशीले इंगळीनं मारलं तवा असंच होतं. चला, बसा गाडीत, अकोटले दाखवू."

बाबा म्हणत होते परतवाड्याले न्या, तिथून अमरावती सोपी. सलीमभाई म्हणे, परतवाड्याकडं जायले आता कोणती जीप भेटणार, ही उभी हाय ना. बाबानं डाल्या सरकवून जागा केली. मी पदर खोचला अन् बसली. पायात काहीच नव्हतं. चपला फाटकाजवळ राहिल्या, स्वराची सँडल पण तिथंच राहिली, ते मले अकोटले उतरल्यावर खडे टोचले तवा समजलं.

गाडीत मांगं पानाचा वास, ओल्या गोणपाटाचा वास. रस्त्याच्या बाभळीईले कापूस अडकलेला, गाड्याईतून उडालेला. दरवर्षी मले ते पाहून वाटायचं का झाडाले म्हातारपण आलं, स्वराले तसंच सांगायची. त्या दिवशी ती पाहत नव्हती. ती माह्या गळ्यात तोंड खुपसून गरम गरम श्वास सोडत होती.

अकोटच्या एका दवाखान्यात गेलो. गर्दी होती, तापाची लेकरं. डॉक्टरनं विचारलं, "काय चावलं?"

मी सांगतलं. डोकं चांदीचं, पट्टे पिवळे, मधात करडी रेघ, पाय जोडीजोडीनं, जाळ्यात पांढरी शिवण. असं सांगतलं का ते लिहिता लिहिता थांबले. त्याईनं मोबाईलवर कोळ्याईचे फोटो काढले अन् माह्यासमोर धरले. मी बोट ठेवलं. "हा."

"नक्की?"

"आमी पानमळ्यातले हाओ, डॉक्टर. माह्या बापानं हातावर घेऊन पाह्यला."

ते म्हणाले, "वा. तुम्हाला छान ओळखता येतो. मग घाबरू नका, हा विषारी नसतो. ॲलर्जी आली असेल." त्याईनं सुई दिली, एक औषध दिलं. पायाकडं पाहून म्हणे, "हे काय थापलंय? घरी गेल्यावर धुऊन टाका."

मी काय सांगू. त्या म्हणण्यानं मले बरं वाटलं. आठवीतून शाळा सुटलेल्या बाईले डॉक्टरनं छान म्हतलं.

सलीमभाईनं चहा सांगतला, मी घोटभर पेली. स्वरानं डोळे उघडले तर तिले बिस्कीट दिलं. तिनं एक घास घेतला अन् बिस्कीट मले परत केलं. मी पाह्यलं तर तिच्या दाताची खूण बिस्किटावर होती अन् ती खूण लाल होती. मी तिचं तोंड उघडलं. हिरड्याईतून रक्त. पुसलं, परत आलं. जिथं सुई दिली होती तिथं फ्रॉकवर डाग पसरला होता.

"सलीमभाई," मी म्हतलं. एवढंच म्हतलं.

त्याईनं चहाचा कप टपरीवर तसाच ठेवला. "अकोला," म्हणे. "पान गया तेल लेने."

अकोला

अकोटवरून अकोल्याचा रस्ता मी याच्या आधी एकदाच गेली होती, माह्या लग्नाचा शालू घ्यायले. तवा आमी सगळ्या बाया गाणे म्हणत गेलो होतो. आता रस्ता जागोजागी खोदलेला, एका ठिकाणी कापसाची ट्रॉली आडवी झाली होती अन् दोन्हीकडून गाड्या अडकल्या. सलीमभाई उतरले, हात जोडले, शिव्या दिल्या, परत हात जोडले. शेवटी वावरातून गाडी काढली, पऱ्हाटी मोडत. शेतवाला धावत आला काठी घेऊन. त्यानं काचेतून स्वराले पाह्यलं अन् काठीनंच दाखवलं, इकडून काढा, इकडून, तिकडं नाला हाय.

पूर्णेच्या पुलावर स्वरा म्हणे, "मम्मी, फुलीवाला रागावला का?"

मी म्हतलं, नाही बेटा. तो तुह्यावर नाही रागावत.

मोठ्या दवाखान्यात पोचलो तवा दिवे लागले होते. तिथली डॉक्टर बाई माह्याच वयाची, केस मांगं बांधलेले, डोळ्याखाली काळं. तिनं विचारलं, काय चावलं, अन् मी परत सुरू झाली, चांदीचं डोकं, पिवळे पट्टे...

"ताई, रंग राहू द्या. पाय दाखवा."

तिनं ओल्या कापसानं तो लेप पुसायले सुरुवात केली. तो वाळून खपलीसारखा झाला होता. स्वराले वरडायचीबी ताकत नव्हती. लाल पाणी ताटलीत पडत होतं, बाई पुसत होती, पुसत होती, अन् घोट्याच्या मांगं दोन टिपके निघाले. जवळ जवळ. जशा टाचणीनं टोचल्या.

त्या कोळ्याच्या पाठीवर किती पट्टे ते मले पाठ होतं. पोरीच्या पायावर दोन टिपके होते ते मी पाह्यले नव्हते. मायनं नाही, बाबानं नाही, अकोटच्या डॉक्टरनं नाही.

"कोळी नाही हा," बाई म्हणे. "साप असावा. थांबा."

तिनं काचेच्या लहान नळीत स्वराचं रक्त घेतलं अन् टेबलावर उभं ठेवलं. कोणी हात लावू नका म्हणे. मी त्या नळीकडं पाहत उभी राहिली. सलीमभाई भिंतीकडं तोंड करून काहीतरी पुटपुटत होते. थोड्या वेळानं बाई आली, नळी उचलली, आडवी केली. रक्त सरसर वाहत गेलं. पाण्यासारखं.

"गोठत नाही," बाई म्हणे. "घोणस किंवा फुरसं." घोणशीले आमच्याकडं परड म्हणतात. परड पाचोळ्यात बसली तर पाचोळ्यासारखीच दिसते. तिच्याबी पाठीवर ठसे असतात, साखळीसारखे. ते ओळखायले मले कोणी शिकवलं नव्हतं.

बाईनं सांगतलं, सापाचं औषध देऊ, पण त्या औषधाचाही त्रास होऊ शकतो, लहान आहे, तुम्ही बाहेर थांबा. मी बाहेर नाही गेली. औषध सुरू झालं अन् स्वराले हुडहुडी भरली, आंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, सगळे धावले. बंद केलं. परत सुरू केलं. मी खाटेचा लोखंडी पाय धरून खाली बसली होती, माहे अनवाणी पाय त्या फरशीवर, अन् मी देवाचं नाव नाही घेतलं. मी फुलीवाल्याचंच नाव घेतलं. काहून ते मले माहीत नाही.

ती वाचली. हे आधीच सांगून टाकते, कारण आयकणाऱ्या बाया इथं येऊन रडतात.

पण पाय काळा पडला. घोट्याच्या मांगचं कातडं गेलं, मंग मांस गेलं. ड्रेसिंगच्या वेळी ती मले "मम्मी, सांग ना त्याईले" म्हणायची अन् मी तिचे हात धरायची. स्वराचे पप्पा ट्रक अर्ध्यावर दुसऱ्याच्या हवाली करून आले. त्याईनं पायाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. "तुमी मळ्यावाले ना," एवढं बोलले. "तुमाले तर सगळे किडे ओळखता येतात." तिसऱ्या दिवशी माह्यासाठी चप्पल घेऊन आले.

बाजूच्या खाटेवर एक बाई होती, अकोटकडची, तिचं झेंडूचं शेत, तिच्या नवऱ्याले वावरात साप चावला होता. ती मले ठेचा-भाकर द्यायची. मी घास तोंडात घेऊन बसायची, गिळायची नाही. ती म्हणे, "खाय वो माय, तुले दूध नाही पाजायचं पण उभं तर राहायचं हाय." तिले कोळ्याची गोष्ट सांगतली तर म्हणे, "आमच्याकडं जखमेवर कोळ्याचं जाळं लावतात, रक्त थांबते." मी म्हतलं, तुमच्याकडं कोळी ओळखतात का? "कोळी म्हणजे कोळी," ती म्हणे. "त्याले काय ओळखायचं, तो काय जावई हाय?" मी हासली. तितक्या दिवसात पह्यल्यांदा हासली अन् मंग लाज वाटली, कारण स्वरा पाहत होती.

एका संध्याकाळी त्या बाईची खाट रिकामी होती. नवऱ्याले घेऊन गेली का कसं, मी कोणाले विचारलं नाही. डबा तेवढा माह्या खाटेखाली राहून गेला.

सुट्टी देताना डॉक्टर बाईनं स्वराले मांडीवर घेतलं. मले म्हणे, "टाच टेकणार नाही पूर्ण. चालेल, पण बूट लागेल, उंच टाचेचा, तिच्या मापाचा. वाढत जाईल तसा बदलत राहायचा. आणि एक लक्षात ठेवा, त्या पायाला आता नीट कळत नाही. काटा रुतला तरी तिला समजणार नाही. अनवाणी एक पाऊलही नाही. घरातसुद्धा नाही."

"किती दिवस?"

"कायम, ताई."

परत मळ्यात

आता सांगते ते मागच्या पंधरवड्यातलं. स्वरा बूट घालून चालायले लागली. काळा, जड, एका बाजूनं उंच. ती जिथून जाते तिथं टक्-टक् आवाज येते. तिनं हट्ट धरला का फुलीवाला पाहायचा. मी नाही म्हतलं. तिनं जेवण सोडलं. स्वराचे पप्पा म्हणे, "जा घेऊन. नाहीतर जिंदगीभर भेत राहीन." सासू म्हणे, "मले विचाराल तर त्या मळ्याले आग लावा."

जीपनं गेलो. पऱ्हाटी उपटून झाली होती, वावरं उघडी, काळी. उतरून मी पाणी पेली. मायनं खाऱ्या पाण्याची म्हतलं नाही. तिनं बुटाकडं पाह्यलं अन् आत चहा टाकायले गेली.

फाटकाजवळ चपलाईची ओळ होती, तशीच. ओळीच्या शेवटी स्वराची गुलाबी सँडल. कोणी उचलली नव्हती. मायले विचारलं तर म्हणे, तुह्या बाबानं हात लावू दिला नाही. पट्ट्यातून पट्ट्यात जाळं होतं अन् त्यात एक लहानसा कोळी, राखेच्या रंगाचा, पाठीवर काहीच खूण नाही. मी वाकून लय वेळ पाह्यलं. मले तो ओळखता नाही आला.

बाबा आतून आले. वाळले होते. कोपऱ्यातला ढीग त्याईनं जाळला, मळाभर माणसं लावून साप धुंडाळला, भेटला नाही. आता हाती काठी घेऊन फिरतात, पानं तोडायच्या आधी जमीन ठोकतात, पाचोळा दिसला का झाडून काढतात. पण पाय अनवाणीच. त्याईचेबी, सगळ्याईचे.

स्वरा टक्-टक् करत फाटकापर्यंत गेली. बाबानं बुटाकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग खाली बसले अन् दोन्ही हात पुढं केले.

"काढ बेटा तो बूट," बाबा म्हणे. "मी उचलून नेतो तुले. आबाच्या खांद्यावरून पाह्य सगळं. जमिनीले पाय लागू देणार नाही मी."

"नाही," स्वरा म्हणे. "मी चालत येते."

"बूट घालून नाही येत बेटा आत. देवघर हाय ना आपलं."

"मंग मी पायानं येते." अन् ती तिथंच मातीत बसली अन् बुटाचा पट्टा वढायले लागली. आता तिले पट्टा उघडता येते. दवाखान्यात शिकली.

"बाबा," मी म्हतलं, "डॉक्टर बाईनं..."

"मले माहीत हाय काय म्हतलं," बाबा बोलले. माह्याकडं पाह्यलं नाही. आवाज असा होता का जसा त्याईचाच पाय कापला. "कांचन, माह्या एकट्याचा मळा नाही हा. मी एकदा बूट आत नेला का उद्या सगळे नेतीन. मंग काय राहिलं? मी उचलून नेतो म्हणून राहिलो ना?"

तितक्यात आतून आर्याचा आवाज आला. "स्वरा, ये लवकर! फुलीवाला हाय! नवा हाय, मोठा हाय!" ती वेलीईच्या मधात उभी होती, कोपऱ्याच्या वाटेवर, अन् तिचे पाय उघडे होते. पायाखाली ओली माती अन् त्यावर काल-परवा गळलेली पानं, झाडायची राहिलेली. ती टाचा उचलून, पंजावर उभी राहून, वर पाहून राहिली होती. खाली पाहतच नव्हती.

स्वराचा पट्टा सुटला. बाबा हात पुढं करून बसले होते, त्याईचे डोळे भरले होते. माहा एक हात स्वराच्या बुटावर होता. दुसऱ्या हाताजवळ चपलाईची ओळ होती, कोणाचीबी चप्पल उचलून आत आर्याकडं धावता आलं असतं, देवघर का काय ते न पाहता. बाप समोर बसला होता. माहेर एकच असते.

बायाहो, तुमी रोज येता अन् मले विचारता. आज मी तुमाले विचारते. तिथं, त्या फाटकात, तुमी काय केलं असतं?